इस्त्री न केलेलं गाणं

एका रविवारी सकाळी अनघाचा फोन आला. माझा मित्र शिरीष याची बायको एरवी मेसेज करते, फोन करत नाही, म्हणून हातातलं काम टाकून लगेच उचलला. "दादा, शिरीष गेला," एवढंच ती म्हणाली. हार्ट अटॅक, वय त्रेचाळीस... त्याला आता सहा आठवडे झाले.

२०१४ मध्ये आम्ही दोघं एकाच महिन्यात आयर्लंडमधल्या कॉर्क शहराजवळ रिंगास्किडीच्या औषध कारखान्यात रुजू झालो. मी पुण्याचा, तो नागपूरचा, लहानपणी दहा वर्षं गाणं शिकलेला. कॉर्कमध्ये पबागणिक आयरिश संगीत वाजतं, पण आमच्या शिरीषसाहेबांना वेड लागलं ते इंग्लंडच्या लोकगीतांचं! निमित्त जॉर्ज. उत्तर इंग्लंडमधल्या नॉर्थम्बरलंडच्या मेंढपाळ घराण्यातला हा म्हातारा लग्न करून कॉर्कजवळच्या कोव्ह बंदरात आलेला, जहाजदुरुस्तीतून निवृत्त. मेंढ्यांची लोकर कातरतानाचं एक नऊ कडव्यांचं गाणं त्याला काकांकडून मिळालं होतं. ते कुठे छापलेलं नव्हतं आणि आता शिकून घेणारं कुणी उरलं नव्हतं. सुट्टी मिळाली की आम्ही भारतात पळायचो. शिरीष नॉर्थम्बरलंडला जायचा, तिथले गायक ऐकायला, काखेत भाता धरून बॅगपाइपसारखे छोटे पाइप वाजवणाऱ्यांशेजारी बसायला. "आयर्लंडमध्ये राहून इंग्लंडची गाणी? मार खाशील," मी चिडवायचो. "गाणं मरताना पासपोर्ट पाहते का बे?" हा त्याचा जबाब.

सुरुवातीलाच त्याने एक चूक केली, ती आपलाच माणूस करू जाणे. हार्मोनियम घेऊन त्याने त्या गाण्याचं सरगम लिहून काढलं. जॉर्जचा गंधार ना कोमल, ना शुद्ध, कुठेतरी अधांतरी. शिरीषने तो शुद्ध करून टाकला, वर दोन सुरेख मुरक्या घातल्या. जॉर्जने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "छान. पण पोरा, तू याला इस्त्री केलीस." दुसरा कुणी रुसला असता. शिरीषने वही कपाटात टाकली आणि दर गुरुवारी कामावरून सुटला की कोव्हला जाऊन नुसता ऐकत बसायचा. दोन वर्षं! इकडे बॅडमिंटनला आम्हाला चौथा भिडू मिळेना, म्हणून मी चडफडायचो.

गेल्या वर्षी जॉर्जला पक्षाघाताचा सौम्य झटका आला. बोलणं परतलं, पण त्या गाण्याची मधली चार कडवी पार पुसली गेली. म्हातारा रडला, असं शिरीषने मला सांगितलं. मग उलटी शिकवणी सुरू झाली. शिरीष एक ओळ म्हणायचा, जॉर्ज मागून म्हणायचा... गंधार मात्र जॉर्जचाच, तसाच अधांतरी. पाच महिन्यांत चारही कडवी परत आली.

गेल्या आठवड्यात कोव्हच्या पबात शिरीषसाठी गाण्याची बैठक झाली. अनघाला घेऊन मी गेलो. तिथली रीत अशी, की गाण्याआधी ते कुणाकडून घेतलं ते सांगायचं. चौऱ्याऐंशी वर्षांचा जॉर्ज काठी टेकत उभा राहिला. काकांचं नाव घेईल, असंच सगळ्यांना वाटलं.

"हे मी शिरीषकडून घेतलं," तो म्हणाला, आणि नऊच्या नऊ कडवी गायला.

अनघाने माझा हात घट्ट धरला. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण छाती अभिमानाने भरून आली. गाणं ऐकून नुकत्याच शेजारी येऊन बसलेल्या बाईंनी हळूच विचारलं, "शिरीष कोण?"

"आमचा," मी म्हटलं. "नागपूरचा."