सवाष्णीची रिकामी जागा

लग्नाआधी मी मुंबईच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकले आणि मग रेवदंड्याला नांदायला आले. सासरी त्या विद्येचा उपयोग एकदाच झाला, आणि तो असा झाला की आठवलं की अजून एकटीच हसत्ये.

माझ्या थोरल्याच्या जन्मानंतर सासूबाईंनी बोडण भरायचं ठरवलं. चार सवाष्णी आणि एक कुमारिका परातीभोवती बसतात, मधे देवी ठेवतात आणि दूध, दही, पुरण सगळं आपल्या हातांनी कालवतात. सगळी तयारी झाली आणि ऐन वेळी निरोप आला: चौथ्या बाईंच्या दिरांना मुंबईत मुलगा झाला. म्हणजे त्यांना सोयर! झालं, त्या बाद.

सासूबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "बोडण मोडलं आणि पोराला काही झालं म्हणजे?" डोळ्यांत पाणीच आलं त्यांच्या. हाकेच्या अंतरावर एकच सवाष्ण उरली होती, कुंपणापलीकडची. आणि तिच्याशी सासूबाईंचं वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं. कुणाच्या तरी मुंजीत सासूबाईंच्या आमटीला ती भर पंगतीत म्हणाली होती, "मिठागरं जवळ आहेत म्हणून काय सगळं आमटीतच ओतायचं?"

मला चेव आला. आमचे प्रोफेसर सांगत, वस्तू वेगळी आणि कल्पना वेगळी. घोडा समोर उभा राहतो, गवत खातो. 'घोडा असणं' मात्र कुठं उभं राहत नाही, गवतही खात नाही. ती नुसती रिकामी जागा. येईल तो घोडा तिच्यात बसतो.

"अहो," मी म्हटलं, "तुमचं भांडण त्या बाईशी. आपल्याला बोलवायचीय सवाष्ण. ती नुसती जागा! जागेशी कसलं वैर?"

सासूबाईंना हे फारच पटलं. "अगो, शिकलीस ते फुकट नाही गेलं! जा, सांग तिला. सवाष्णीला बोलावलंय म्हणावं, तुला नव्हे."

मी कुंकवाचा करंडा घेऊन गेले. बाई पडवीत सुपारी सोलत बसल्या होत्या. निरोप जसाच्या तसा सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "बरं. मग ने हो सवाष्णीला. मला मेलीला ही सुपारी उरकायचीय."

मी हात हलवत परत.

"कुठाय?" सासूबाई.

"त्या म्हणतात, सवाष्णीला ने."

"म्हणजे?"

काय सांगणार, कपाळ! प्रोफेसरांची रिकामी जागा काही आपल्या पायांनी कुंपण ओलांडून येईना. पुरण निवत चाललं, कुमारिकेनं भुकेनं भोकाड पसरलं, पाळण्यातून आमच्या चिरंजीवांनी साथ धरली. शेवटी सासूबाई सोवळ्यातच तरातरा कुंपणाशी गेल्या.

"येत्येस ना गं?"

"कोण, सवाष्ण?" पलीकडून.

"तू गं, तू! तुझ्यावाचून अडलंय माझं. बास झालं आता?"

बाई हातपाय धुऊन, नेसून लगेच आल्या. परातीत दोघींचे हात एकमेकींत गेले तशा त्या हळूच म्हणाल्या, "सवाष्ण म्हणून गाव बोलावतो गं मला. तू बोलावत्येस की नाही, तेवढं बघायचं होतं."

सासूबाई पुरण कालवत राहिल्या. नाक मात्र लाल झालं होतं.

धाकटा झाला तेव्हा पुन्हा बोडण आलं. मधल्या काळात त्या बाईंचे यजमान गेले होते. परातीशी त्यांच्या जागी दुसरी कुणी बसली. रीतच तशी, आणि मला ती तेव्हाही आवडली नाही. पण पानं वाढायच्या आधी सासूबाई कुंपणाशी गेल्या आणि जेवायला हाक मारली. मग आतून बारीक आवाज आला, "आता मी कोण म्हणून येऊ?"

सासूबाई अशा खवळल्या! "कोण म्हणून म्हणजे? तू म्हणून! ये मुकाट्यानं, भात निवतोय."