उलटं फिरलेलं रक्त

खरं सांगते, त्या दिवसांत माझा देवावरचा विश्वास पार डळमळला होता. नोएडातल्या एका सोनोग्राफी सेंटरमध्ये माझी तिसऱ्या महिन्यातली तपासणी होती. पडद्यावर एवढुसं बाळ हात हलवताना दिसलं आणि मी हरखून गेले. मग डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा प्रवाह बघायला डॉपलर लावलं आणि त्या पुन्हा पुन्हा तीच जागा बघू लागल्या. "दिल के पास एक छोटी नस है," त्या हळूच म्हणाल्या. "हर धड़कन पे खून थोड़ा उल्टा लौट रहा है. दिल पे ज़ोर पड़ रहा है. अगले हफ्ते फिर देखेंगे."

तो आठवडा मी दत्तमहाराजांशी कडाकडा भांडले. "एवढे चमत्कार सांगतात तुमचे! मग ही दोऱ्याएवढी नस सरळ करा की!" नवरा ऑफिसातून आला की शेजारी येऊन बसायचा.

पुढच्या तपासणीत पडद्यावर वाहत्या रक्ताचा रंगच उमटला नाही. ठोके थांबले होते. आता हॉस्पिटलात जाऊन पिशवी रिकामी करून घ्यायची होती. मी नाहीच म्हटलं. बाहेरच्या बाकावर दोन्ही हातांनी पोट धरून बसले आणि पुटपुटत राहिले, "जाऊ नकोस रे, जाऊ नकोस." समजावून समजावून नवरा थकला.

लेकीला तपासणीसाठी घेऊन आलेल्या एक वयस्कर बाई शेजारी येऊन बसल्या. "मराठी का गं तू?" त्या परक्या जागी आपली भाषा कानावर पडली आणि मला हुंदकाच फुटला. "बाळ गेलं हो काकू!" त्यांनी पाठीवरून हात फिरवला. उपदेश केला नाही.

"घरातून कुणी निघालं की आपण त्याला काय म्हणतो गं? 'जा' म्हणतो का?"

"नाही. 'ये' म्हणतो."

"मग तसंच म्हण त्याला."

मी पोटावर हात ठेवून म्हटलं, "ये हं, बाळा." खूप रडले, आणि मग नवऱ्याला म्हटलं, "चल."

काकूंचं नाव विचारायचं राहूनच गेलं. त्यांना कुणी पाठवलं, यावर मी वाद घालत नाही. माझी कूस अजून रिकामीच आहे, संध्याकाळी दिवा लावताना हात पोटावर जातो. पण महाराज, मी तर त्याला घट्ट धरून बसले होते. तुम्ही माझ्या मुठी सोडवल्यात, आणि माझ्या बाळाला मला नीट निरोप देता आला.