इंग्रजीतून घेतलेलं नाव

मंडळाच्या भित्तिपत्रकापुढे थांबलेल्या मैत्रिणींनो, आज दुपारचंच सांगते.

आपल्या शांताची उद्या जालन्याला नर्सच्या ट्रेनिंगसाठी मुलाखत आहे. तिथे काही प्रश्न इंग्रजीतून विचारतात म्हणे, म्हणून तिच्या सासूबाई गयाबाई स्वतः तिला माझ्या बायकांच्या इंग्रजीच्या वर्गात घेऊन आल्या.

‘गुड मॉर्निंग’, ‘प्लीज’, ‘थँक्यू’, सगळं शांता बरोबर म्हणत होती. मग मी विचारलं, “व्हॉट इज युवर हजबंड्स नेम?”

तिची मान खाली गेली. सासूसमोर नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं?

“उद्या अशीच गप्प राहिलीस तर घरी पाठवतील गं,” मी म्हणाले.

“मंग उखाणा घेऊ का, बाई?”

आम्ही सगळ्या हसलो. तिचे डोळे मात्र भरून आले होते.

तेवढ्यात गयाबाई म्हणाल्या, “अगं येडे, इंग्रजीत घेतलं तर काय बी होत न्हाई. हे बघ, मीच घेते.” पदर सावरून त्या हळूच म्हणाल्या, “माय हजबंड नेम इज सखाराम.”

सखारामभाऊंना जाऊन बरीच वर्षं झाली. उखाण्याशिवाय ते नाव गयाबाईंच्या तोंडी आज पहिल्यांदाच आलं.

“गोड लागतंय की गं,” त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे टिपले.

मग शांताने भास्करचं नाव असं खणखणीत घेतलं, की ओट्यावरच्या बायकाही वळून बघायला लागल्या.

घरी आल्यावर चहा ठेवताना मीही आमच्या ह्यांचं नाव इंग्रजीतून घेऊन पाहिलं. तुम्ही कधी घेऊन पाहिलंय?