आबांचा पोटल्या

मस्कतला निघालो त्या दिवशी आईने पिशवीत सुके बांगडे कोंबले आणि आबांनी वरून चित्रकथेचं एक पुस्तक सारलं. "विमानात वाच. नुसता बसून काय करशील मेल्या?" पंचवीस वर्षांचा बाप्या मी, आणि हातात पोटल्या शिपायाचं पुस्तक! रत्नागिरी स्टेशनवर सोडायला आलेले सगळे हसले. आबा तेवढे हसले नाहीत.

पोटल्या तुम्हाला माहीत असेलच. घागरीएवढं पोट, पायात एकच बूट, राजवाड्याच्या दारात पहारा करतो आणि उभ्या उभ्या झोपतो. आबा, म्हणजे माझे वडील, ट्रॉलरवर खलाशी. पावसाळ्यात मासेमारीला बंदी लागली की ते संध्याकाळी घरात सापडायचे, आणि आम्ही भावंडं पुस्तक घेऊन त्यांच्या अंगावर पडायचो. बारीक अक्षर त्यांना लागायचं नाही. मग काय, चित्रावर बोट ठेवायचं आणि द्यायचं ठोकून! राजवाड्याचा व्हायचा आमच्या मिरकरवाडा बंदरातला मासळीचा लिलाव. राजाचा हत्ती पापलेटावर बोली लावायचा आणि पोटल्या टोपलीत लपायचा. मला हे इतकं खरं वाटलं, की एकदा मी बंदरात होडी-होडीला जाऊन पोटल्या कुठाय म्हणून विचारलं. एका तांडेलाने जाळ्यातून मान वर न करता सांगितलं, "आत्ताच बर्फ आणायला गेला बघ." मी बर्फाच्या कारखान्यापर्यंत पळत गेलो.

आता ती पुस्तकं नव्याने छापून आलीत, मोबाईलवरही मिळतात. माझी लेक सई मस्कतच्या फ्लॅटमध्ये लोळून लोळून वाचते. तिची भाषा निम्मी इंग्रजी, पण पोटल्यावर भारी जीव. तरी वाचून झालं की म्हणते, "आता आजोबांचा सांग." मी सांगतो, पण माझ्या तोंडी तो हत्ती नुसताच हत्ती राहतो. या सुट्टीत आबांकडूनच ऐकवायचं ठरवलं होतं. त्याआधीच आबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली.

तरी गेलोच. बंदीचेच दिवस होते. सईने पुस्तक आबांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी डाव्या हाताचं बोट पहिल्या चित्रावर टेकवलं. ओठ हलले, आवाज नाही. गोष्ट मला ठाऊक होती, म्हणून त्यांच्या बोटामागून मी बोलायला लागलो. आबा खुशीत, सई खिदळतेय. मग एका चित्रावर बोट थांबलं. पोटल्या विहिरीत वाकून बघतोय. मी काहीतरी सांगितलं. आबांनी मान हलवली. दुसरं सांगितलं. पुन्हा नाही. अहो, या चित्राला आम्ही गडाबडा लोळायचो, एवढं आठवतंय. कशाला, ते काही केल्या आठवेना. आबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मला रडूच फुटलं.

माझ्यासारखे बाहेर पडलेले तुम्ही, आणि मागे राहिलेले तुम्ही, सगळ्यांनाच सांगतो: घर कुठे म्हणून कुणी विचारलं तर मी अजून मिरकरवाडाच सांगतो. पण त्या विहिरीत काय होतं हे भावंडांनाही आठवत नाही; तिथे एकाच माणसाला ठाऊक आहे, आणि त्याला बोलता येत नाही. माझं घर आता तेवढंच उरलंय.

"आजोबा, पुढे?" सईने विचारलं. आबांनी माझ्यासाठी आणखी थोडं थांबून बघितलं, आणि मग स्वतःच पान उलटलं.