बालाजीमामांच्या गळ्यातला हार

तुकोजीला बोट उचलायचा कंटाळा होता, आणि या कंटाळ्याला तो शास्त्र म्हणत असे.

कुंभकोणमात, महामहम तळ्यामागच्या गल्लीत त्याचं छपाईचं दुकान. आमच्या मुलखात माणूस गेलं की भिंतींवर त्याचं पोस्टर लागतं. गळ्यात हार, बाजूला नाचियार्कोविलची पितळी समई, वर तमिळमध्ये ‘अश्रूंची अंजली’ हे शब्द, खाली त्या दिवसाची तारीख. जिवंतपणी ज्याला कुणी चहा विचारला नाही, तो मेल्यावर चौकाचौकात हसत उभा राहतो. तुकोजीचं पोट या हसण्यावर चालायचं.

रोज तेच हार चिकटवून तो विटला होता. मग इंटरनेटवर बघून बघून त्यानं संगणकात एक पहारेकरी बसवला. पहारेकरी म्हणजे छोटासा प्रोग्राम. ‘अंजली’ नावाच्या फोल्डरवर त्याची नजर. तिथं नवा फोटो पडला की तो जागा व्हायचा, हार घालायचा, समई ठेवायचा, फाइलीवरचं नाव-गाव खाली लिहायचा आणि छपाई सुरू करून द्यायचा. पोस्टरं चिकटवणारा जयकुमार आला की गठ्ठा उचलून, खळीची बादली घेऊन चालू पडायचा. कोण गेलं, कसं गेलं, त्यालाही विचारायची गरज नाही.

“यमाला रेडा लागतो, मला तोही लागत नाही,” तुकोजी कॉफी पिताना सांगायचा.

बायको वत्सला ऐकून घ्यायची. तिचं दुःख वेगळं होतं. तिला लहानाचं मोठं केलं बालाजीमामांनी, तिरुविडैमरुदूरच्या घरात. तुकोजीनं कचेरीतली नोकरी सोडून हा धंदा धरला तेव्हा मामा म्हणाले होते, “मढ्यांच्या तोंडावर जगणाऱ्यानं माझा उंबरा चढायचा नाही. त्याच्या बायकोनंही नाही.” वर्षं लोटली. आणि आता मामांच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या निमित्तानं अचानक निरोप आला: “माझा फलक तुकोजीनं करावा. चांगला झाला तर दोघं आत या.”

“अहो, एवढं एक काम हातानं करा,” वत्सला म्हणाली. “माझं माहेर त्या फलकावर आहे.”

तुकोजीनं मन लावलं. पण मामांचा धड फोटो मिळेना. होता तो एकच, मामा नि त्यांचे थोरले भाऊ शेजारी उभे असलेला. थोरले मागच्या वर्षी वारले, त्यांच्या पोस्टरासाठी तो घेतला होता, म्हणजे पडून होता ‘अंजली’मध्येच. तुकोजीनं तो उघडला, भाऊ कापून टाकला, मामांचं तोंड उजळलं, फाइलीला मामांचं नाव-गाव दिलं आणि तिथल्या तिथं नवी म्हणून साठवून तो कॉफीला गेला.

पहारेकऱ्याला माणूस कळत नाही. फोल्डर कळतं.

वत्सला जेवणाचा डबा घेऊन आली तेव्हा यंत्राच्या तोंडाशी एक सुरकुतलेला कागद लोंबत होता. त्यावर मामा, गळ्यात हार, शेजारी समई, आजची तारीख. जयकुमार गठ्ठा घेऊन केव्हाच तिरुविडैमरुदूरच्या बसमध्ये बसला होता. तुकोजी आला तेव्हा तिनं कागद त्याच्या छातीवर दाबला.

“घ्या. तुमच्या शास्त्रानं मामाला मारलं.”

स्कूटर नदीकाठानं पळाली. भातखाचरं हिरवीगार होती, बगळे निवांत उभे होते. मामांच्या रस्त्यात शिरल्यावर दिसलं, सगळा रस्ता अंगणात उभा. मामांनी दुपारचं जेवण येईपर्यंत म्हणून कानातलं यंत्र काढून, पुढच्या दाराला कडी घालून ताणून दिली होती. लोकांनी पोस्टर वाचलं, दार ठोठावलं, उत्तर नाही. आता नातलग आल्याखेरीज आत जायचं कसं? आणि प्रेत उठेपर्यंत रस्त्यात कुणी चूल पेटवायची नाही, हा तिथला रिवाज. मामांना रोज जेवण पाठवणाऱ्या शेजारच्या अलमेलुपाटींनी, म्हणजे अलमेलुआजींनी, सांबार अर्धं शिजलेलं उतरवून ठेवलं होतं. वत्सलेला पाहून त्यांनी गळाच काढला.

दोघं घराला वळसा घालून परसदारी गेले. ते दार उघडंच होतं. आत मामा उपाशीपोटी फेऱ्या घालत होते.

“मामा,” वत्सला उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली.

“त्या अलमेलुला काय झालं? जेवण कुठाय?”

तुकोजीनं कागद पुढं केला. मामांनी चष्मा चढवला, कानात यंत्र घातलं, कागद दूर धरला, जवळ धरला.

“मेलो कशानं, ते नाही लिहिलंस.”

“चूक झाली, मामा. पहारेकऱ्यानं...”

“दादाला याहून मोठा हार घातला होतास.”

“तोच आहे, मामा. त्यांची मान बारीक होती.”

मामांनी कागदावरच्या स्वतःकडं आणखी एकदा पाहिलं. मग वत्सलेवर खेकसले, “तिथं उभी राहून काय बघतेस गो? मेलेल्याला भूक लागत नाही असं वाटतं काय? आत ये, चूल पेटव!”

वत्सलेनं उंबरा ओलांडला. डबे जिथल्या तिथं होते. मोहरी तडतडली, कढीलिंब पडला, हिंगाचा वास खिडकीतून रस्त्यावर गेला.

बाहेर अलमेलुपाटी किंचाळल्या, “अय्यो! प्रेत घरात नि भाची फोडणी देते!”

पुढच्या दाराची कडी वाजली. मामा ताट हातात घेऊन ओट्यावर आले, रस्ताभर नजर फिरवली आणि घास तोंडात टाकला.

“प्रेत जेवतंय,” ते म्हणाले. “तुम्हीही चुली पेटवा.” मग मागं वळून ओरडले, “तुकोजी, फलकावर फोटो हाच ठेव. हारही राहू दे. समई तेवढी काढ, आणि आधी येऊन जेव.”