बिबड्यांचं पाणी

जळगावला एम.एस्सी. करत असताना माझ्या डोक्यात एकच खूळ होतं. कापड रंगवल्यावर उरलेलं सांडपाणी उन्हात ठेवून साफ करायचं. धुळ्यात आमच्या घरामागच्या नाल्यात असलं पाणी येतं, कधी लाल, कधी निळं. ऊन तर खानदेशात फुकटच. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी नाल्यातलं लालभडक पाणी कोल्ड्रिंकच्या चार बाटल्यांत भरलं, त्यात चिमूटभर हिराकस, म्हणजे लोखंडाचं मीठ, आणि मोजून पेरॉक्साइड घातलं आणि झाकणं सैल ठेवून बाटल्या गच्चीवर मांडल्या. मोजून म्हणते खरी, पण निकाल लवकर दिसावा म्हणून हात सैलच सुटला होता.

दोन दिवसांत रंग गेला. तळाला थोडा पिवळट गाळ, वर नितळ पाणी. मी आईला हात धरून वर नेलं आणि म्हटलं, "बघ, पाणी स्वच्छ झालं." आईने बाटली उजेडात धरून पाहिली आणि मान डोलावली. इतकी शेफारले होते मी की खाली येऊन ताईलाही तेच ऐकवलं. ताई सातव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी आली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालणं चाललं होतं. आंबवलेल्या ज्वारीचा शिजवलेला घाटा ओल्या फडक्यावर थापायचा आणि दर वेळी हात पाण्यात बुडवायचा. अर्धवट वाळलेले बिबडे ताईचा जीव की प्राण, म्हणून ती सावलीत बसून होती. मी वर गेले तर भिंतीशी माझ्या चारही बाटल्या आडव्या पडलेल्या, रिकाम्या. आईपुढच्या पातेल्यात नितळ पाणी होतं आणि तिच्या बोटांची टोकं चुन्यात बुडवल्यासारखी पांढरी पडली होती.

 मागे वळले तर ताईने एक बिबडा तोंडाशी नेलेला. मी तिच्या हातावर फटका मारून तो पाडला. "किती खाल्लेस?" ती रडवेली होऊन म्हणाली, "हा पहिलाच होता गं."

आई घाबरून उठली. "काय व्हयनं व?"

मी तिची बोटं नळाखाली धरायला धावले, तर नळ कोरडा. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणूनच तर तिने चांगलं पाणी वाया जाऊ दिलं नव्हतं. माठातलं पाणी तिच्या हातांवर ओतत मी ओरडत होते की ते औषधाचं पाणी होतं, पेरॉक्साइडने कातडी भाजते, रंग गेला तरी रंगाचे तुकडे त्यात असतातच, विष असतं.

"तूच सांगेल व्हतं ना, पानी साफ व्हई गयं," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि मला राग हवा होता.

मेलं मला तेव्हा कळलं. हे सगळं मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. घरी सांगताना तेवढंच नेमकं गाळलं होतं.

दिवसभर आम्ही ताईच्या तोंडाकडे बघत बसलो. तिला काही झालं नाही. आईची बोटं संध्याकाळपर्यंत चुरचुरत होती. तो बिबड्यांचा ढीग आणि पातेल्यातलं पाणी कुठे टाकायचं, ते मला सांगता येईना. नाल्यात टाकू म्हटलं.

आई पातेलं हातात घेऊन जिन्याशी थांबली.

"लाल व्हतं तवय म्हैसबी तोंड लावे नहीं," ती म्हणाली. "आते कोनले कसं समजी?"