दिलदार नदाफचा सत्कार

कोल्हापुरात चांगला फुटबॉल खेळणाऱ्या पोरानं समोरच्या टीमच्या बॅकला एवढं भिऊ नये, जेवढं आपल्या पेठेला भ्यावं. बॅक फार तर पायावर पाय मारील. पेठ सत्कार करते. हे मी ऐकीव सांगत नाही. माझं सायकलचं दुकान आणि नदाफांचं गाद्यांचं दुकान यांच्यात एक भिंत होती, आणि दिलदार नदाफचा सत्कार मी रस्त्यात उभा राहून पाहिलेला आहे.

नदाफ म्हणजे पिंजारी. दिलदारचे वडील तो शाळेत असतानाच गेले. आई लालबी, ती खंबीर. कापूस पिंजून, गाद्या-उशा भरून तिनं पोर वाढवलं. पोरगं शिडशिडीत, लांब मानेचं, आणि केसात कायम कापसाचे पुंजके. तो मैदानात उतरला की पलीकडच्या पेठेतली पोरं ओरडायची, "म्हातारा आला, काठी द्या रे!" पहिला गोल बसेपर्यंत हे चालायचं. लेफ्ट आउटला खेळायचा. चेंडू त्याच्या डाव्या पायाला लागला की समोरचा बॅक वळेपर्यंत हा कॉर्नरच्या झेंड्याशी पोचलेला असायचा. बाकीच्यांना पळताना दम लागतो, याला उभं राहून लागायचा.

बाहेरच्या माणसाला सांगायला हवं, आमच्याकडे फुटबॉलची टीम तालमीची असते. खाली हौद्यात लाल माती आणि पैलवान, वर माळ्यावर बूट आणि जर्सी. दोन्हीकडे एकच वस्ताद, हंबीरराव. त्यांच्या हाताखाली खाली माती अंगाला लावायचा जोतीराम चौगुले, आणि वर बुटाच्या नाड्या बांधायचा दिलदार. दोघं एका बाकावर शिकलेले, एका ताटात जेवलेले. मोहरमला तालमीत पंजा बसायचा तेव्हा जोतीराम राबायचा आणि गणपतीत दिलदारला झोप नसायची. जोतीराम कुस्तीत नाव काढणार हे पेठेनं धरूनच ठेवलं होतं. दिलदारचं मात्र कुणी काही धरलं नव्हतं.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. थंडी सरत आली होती आणि दिलदारच्या नावानं तार आली. भारताच्या युवा संघाचं शिबिर कलकत्त्याला भरणार होतं, त्याला बोलावणं होतं. त्यातून जी टीम निघेल ती आशियाई स्पर्धेला बँकॉकला जाणार. तार आधी माझ्या दुकानात वाचली गेली, कारण पोस्टमन सायकलीत हवा भरायला थांबला होता. मी वाचली, लालबीला सांगितली, आणि चहा उकळेपर्यंत पेठभर झाली. बँकॉक कुठं आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. पण आपला पोरगा जाणार म्हणजे ते काही लांब नसणार, अशी सगळ्यांची समजूत झाली.

गुरुवारच्या गाडीनं निघालं की तो वेळेवर पोचत होता. लालबीनं दशम्या करायलाही घेतल्या. तेवढ्यात वस्ताद दारात आले.

"असं चोरागत जाणार व्हय पोरगं?" ते म्हणाले. "सत्कार न्हाई, फेटा न्हाई, काय न्हाई? पेठेची काय इज्जत?"

सत्कार म्हटला की पाहुणा लागतो. जो पुढारी ठरला त्याला रविवारशिवाय सवड नव्हती. म्हणजे रविवारी सत्कार आणि सोमवारची गाडी. एक-दोन दिवस उशिरा पोचल्यानं काय होतंय, कोल्हापूर लांब पडतं हे त्यांनाही कळतं, असं वस्तादांनी परस्पर ठरवून टाकलं.

लालबी म्हणाली, "वस्ताद, गाडी कुणासाठी थांबत न्हाई. जाऊ द्या त्याला."

"लालबी, पोरगा तुझा हाय," वस्ताद म्हणाले, "पण पाय पेठेचं हाईत."

आणि खरं सांगायचं तर दिलदारलाही सत्कार हवा होता. ते वयच तसं. दोन दिवस तो माझ्या दुकानातल्या आरशात भांग पाडून बघत होता. कापसात वाढलेल्या पोराला गुलालाची हौस असणारच, त्यात त्याचं काय चुकलं, असं मी तेव्हा म्हणालो होतो.

रविवारी पेठ सजली. हलग्या घुमायला लागल्या, पोत्यानं गुलाल आला, दिलदारला भगवा फेटा बांधला. कुणी म्हणालं, हत्ती बघा कुठं मिळतो का. जोतीराम म्हणाला, "हत्ती कशाला, मी हाय की." आणि त्यानं दिलदारला उचलून खांद्यावर घेतलं. दोन गल्ल्या मिरवणूक फिरली. नदाफांच्या दाराशी आली तेव्हा हलगीवाल्यांनी ताल वाढवला, पोरांनी गुलालाची पोती वर फेकली, आणि हाताला हात दिसेना. त्या लाल धुरळ्यात काहीतरी धप्पकन पडल्याचा आवाज आला. हलगी थांबली. धुरळा खाली बसला तेव्हा दिलदार गटारीच्या दगडी काठावर पडलेला होता, उजवा गुडघा दोन्ही हातांनी धरून. जोतीराम शेजारी गुडघ्यांवर बसून कपाळ बडवून घेत होता. "माझा पाय घसरला. माझाच पाय घसरला." रस्त्यावर नारळाचं पाणी सांडून राडा झालेलाच होता. सगळ्यांना पटलं.

आता लोक म्हणतील, मग सत्कार रद्द झाला असेल. तर नाही. पाहुणे आलेले होते. दिलदारचा पाय एका खुर्चीवर ठेवला, शाल-श्रीफळ त्याच्या मांडीवर ठेवलं, आणि पाहुणे तासभर बोलले. खेळाडूनं प्रकृती कशी जपावी यावर बोलले. मी मागं उभा राहून दात खात होतो. आमच्या लोकांना वेळ कळत नाही, काळ कळत नाही, माईक दिसला की बास.

वस्तादांनी तेल लावून गुडघा चोळला, कापडानं आवळला, आणि सोमवारच्या गाडीत दिलदारला बसवलं. ट्रंक घेऊन जोतीराम बरोबर गेला. शिबिरात पहिल्याच दिवशी डॉक्टरनं गुडघा दाबून पाहिला आणि मान हलवली. उशिरा आलेला, त्यातून लंगडणारा. त्याच्या जागी दुसरा पोरगा घेतला. ती माणसं वाईट नव्हती. जोतीरामच सांगायचा, त्यांनी परतीच्या गाडीपर्यंत सोडायला माणूस दिला होता. देव देतो आणि कर्म नेतं म्हणतात, ते असं.

आपली पोरं बँकॉकला गेली, आणि नुसती गेली नाहीत. फायनलला पोचली, इराणशी दोन-दोन बरोबरी झाली, आणि कप दोन्ही देशांना वाटून दिला. माझ्या रेडिओवर बातमी लागली तेव्हा दिलदार आपल्या दुकानाच्या फळीवर बसून उशी भरत होता. "केरबा, जरा आवाज वाढव," एवढंच मला म्हणाला. बातमी संपल्यावर त्यानं काठी घेतली आणि कापूस झोडपायला लागला. तो कापूस आधीच पिंजलेला होता. जोतीराम माझ्या दुकानाच्या पायरीवर उभा होता, तो निघून गेला.

दिलदारनं पुढच्या हंगामात खेळून पाहिलं. गुडघा वळताना दगा द्यायचा. हंगाम संपायच्या आतच त्यानं बूट माळ्यावर टांगले आणि आईच्या फळीवर बसला.

जोतीरामनं त्याच्याही आधी लंगोट सोडला. मैदानं ठरली होती, जोड ठरली होती, तरी हा हौद्यात उतरेना. वस्तादांनी शिव्या दिल्या, हात जोडले. त्याचं एकच, "ज्या खांद्यावरनं पोराचं नशीब सांडलं, त्या खांद्याला माती लावायची न्हाई." दुधाच्या संघात कॅन चढवायचं काम धरलं. सकाळी कॅन आणि संध्याकाळी दिलदारच्या गाद्या. दिलदारनं भरलेल्या गाद्या खांद्यावर टाकून तो गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायचा. मग दोघं फळीवर बसून एक चहा दोघांत प्यायचे. एकाही दिवशी दिलदारनं त्याला बोल लावला नाही. जोतीराम मला म्हणायचा, "एकदा आई-बापावरनं शिवी दिली असती ना केरबा, तर मी मोकळा झालो असतो."

वस्ताद मरेपर्यंत म्हणत राहिले, गुरुवारीच घालवायला पाहिजे होता. आणि पेठेनं काय केलं? जी एकच कला येते तीच केली. दर वर्षी मोसमातली पहिली मॅच असली की दिलदारला फेटा बांधून स्टेडियमवर पुढच्या खुर्चीत बसवायचं. माईकवर सांगायचं, "भारताचे माजी खेळाडू दिलदारभाई." भारताकडून तो एक मिनिट खेळला नव्हता. मी चिडायचो, पण तो मान खाली घालून बसायचा. सगळे म्हणायचे, काय नम्र माणूस आहे. मीही म्हणायचो.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात जोतीरामच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं. लग्नाची गादी दिलदारच भरणार, यात विचारायचं काही नव्हतं. भर दुपारी जोतीराम ती न्यायला आला. दिलदार दाभणानं शेवटचे टाके घालत होता. माझ्याकडे गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मीही फळीवर येऊन बसलो होतो. बोलता बोलता मी विचारलं की धाकट्या पोराचं काय, तालमीतला नवा वस्ताद त्याच्या मागं लागलाय म्हणे.

"लागलाय," जोतीराम म्हणाला. "पोरगं बी रडतंय रोज. मी न्हाई म्हणून सांगितलं. आमच्या खांद्याला यश न्हाई. पोराला कशाला त्यात घालायचं?"

दिलदारचा हात थांबला.

"पाठव त्याला," तो म्हणाला.

"न्हाई."

"पाठव म्हणतोय न्हवं मी. तुझा पाय घसरला न्हवता, जोत्या."

आम्ही दोघांनी त्याच्याकडं पाहिलं. तो गादीकडंच बघत होता.

"मी उभा ऱ्हायलो. आमच्या दारात आलतो, वर सज्जात बायका, खाली आई. गुलालात कोण दिसंना. म्हटलं सगळ्यांनी मला बघावं. तुझ्या खांद्यावर टाचा रोवल्या आणि उभा ऱ्हायलो. माझाच तोल गेला."

जोतीरामनं हात आपल्या खांद्यावर नेला. मग हळू म्हणाला, "टाच लागली हुती मला. मला वाटलं मी डळमळलो, म्हणून तू सावरालाईस."

माझं डोकं सटकलं. मी विचारलं, "मग एवढी वर्षं तोंड शिवलं हुतं व्हय रे तुझं?"

"पहिल्या दिवशी दुखत हुतं," दिलदार म्हणाला. "दुसऱ्या दिवशी अख्खी पेठ माझ्यासाठी रडत हुती. बिच्चारा दिलदार, बिच्चारा दिलदार. माझ्या मस्तीनं गेलं म्हणून सांगितलं असतं, तर बिचारा तरी कोण म्हणलं असतं? टीम गेलीच हुती. तेवढंच माझ्याजवळ उरलं हुतं, केरबा. आणि एकदा न्हाई बोललो, मग रोजच अवघड झालं."

"मी कुस्ती सोडली, दिल्या," जोतीराम म्हणाला.

"ठाऊक हाय."

"रोज येतोय मी हितं."

"ठाऊक हाय."

जोतीरामनं हात उगारला असता तर मी मध्ये पडलो नसतो. त्यानं तसं काही केलं नाही. तो उठला, अंगावर उडालेला कापूस झटकला, आणि म्हणाला, "पोरीच्या लग्नाचं हाय. टाकं नीट घाल." आणि रिकाम्या हातानं गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा धाकटा लंगोट घेऊन तालमीकडं पळत गेलेला मी पाहिला. गादी न्यायला जोतीरामचा मेव्हणा हातगाडी घेऊन आला. लग्नाचं आमंत्रण दिलदारला आलं, तो जेवूनही आला. मांडवात जोतीरामनं त्याला वाढलं, आग्रह केला, आणि पुढच्या पानाकडं सरकला.

त्यानंतर जोतीराम काही त्या फळीवर आला नाही. दिलदारनं गाद्या पोचवायला हातगाडी भाड्यानं लावली. पुढच्या मोसमात पोरं फेटा घेऊन आली तेव्हा त्यानं त्यांना परत पाठवलं. मला वाटलं, खरं बोलून माणूस सुटला असेल. एका संध्याकाळी तसं म्हणालोही मी त्याला, की आता बरं वाटत असेल, ओझं उतरलं.

तो रस्त्याकडं बघत होता. म्हणाला, "इंडियाची टीम गेली, ते सोसलं मी, केरबा. तुम्ही सगळे म्हणायचा ना, पोराचं सगळं गेलं. सगळं कुठं गेलं हुतं? जोत्या रोज संध्याकाळी यायचा की."